गंधकाचे दोन अणू आणि परळची प्रयोगशाळा

म्हसळ्यात गंधकाचं नाव काढलं की कुणाला तरी पालीजवळची उन्हेऱ्याची कुंडं आठवतात. आज आम्ही बोलणार आहोत ते मात्र कार्बनी संयुगात बांधलेल्या गंधकाविषयी, आणि ही गोष्ट परळची आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लाखो माणसं शहर सोडून गेली, त्यात आपली कोकणातली चाकरमानी मंडळीही होती. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण लस ही आजार होण्याआधीची. एकदा गाठ आली की पुढे काय? याला चाळीसेक वर्षं खात्रीचं उत्तर नव्हतं.

उत्तराचा धागा निघाला जर्मनीतल्या एका लाल रंगातून. १९३५ मध्ये डोमाक यांनी प्रॉन्टोसिलचे प्रयोग प्रसिद्ध केले. रंग जंतूंना चिकटतो, म्हणून ते मरतात, अशी तेव्हाची समजूत. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दिसलं, की शरीरात हा रंग तुटतो आणि काम करतो तो त्याचा बिनरंगी तुकडा, सल्फानिलामाइड. आपल्या न्यायशास्त्रात घड्याचं उदाहरण आहे ना? कुंभाराची काठी घड्याचं कारण, काठीचा रंग नव्हे, तो अन्यथासिद्ध. आम्ही आयुष्यभर वर्गात हे उदाहरण दिलं, पण प्रॉन्टोसिलइतकं चोख उदाहरण शोधून सापडणार नाही!

मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या तुकड्याला वेगवेगळी वलयं जोडायला सुरुवात केली. पिरिडिनचं वलय जोडलं, सल्फापिरिडिन झालं. थायाझोलचं जोडलं, सल्फाथायाझोल झालं. या दुसऱ्या वलयात स्वतःचा एक गंधक असतो, म्हणजे रेणूत गंधकाचे अणू दोन.

युरोप-अमेरिकेत ही औषधं न्यूमोनियावर वापरली जात होती. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी विचारलं: प्लेगवर काय? प्लेगची लागण केलेल्या उंदरांवर त्यांनी दोन्ही औषधं तपासली; सल्फाथायाझोल सरस ठरलं. १९४० मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पाठोपाठ वागळे आणि गणपती यांच्यासह त्यांनी रुग्णांवरच्या उपचारांचा निबंध प्रसिद्ध केला. गणपती रसायनशास्त्रज्ञ, सल्फा औषधांची नवी रूपं घडवणं हेच त्यांचं काम.

आता कुणी म्हणेल, मूळ रेणू परक्यांचाच होता की. होता. पण प्लेग लंडनच्या दारात नव्हता, आपल्या दारात होता. त्यामुळे तो प्रश्न इथेच विचारला जाणार होता, आणि आमच्या मते प्रश्न विचारणं हे रेणू घडवण्याहून कमी नाही. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या ‘एम्स’चे पहिले संचालक झाले. त्यांचं नाव आज किती विद्यार्थ्यांना माहीत असेल, कोण जाणे.

हे औषध जंतूला थेट मारत नाही, बरं का. जंतूला फोलिक आम्ल बनवायला एक कच्चा माल लागतो. सल्फाचा रेणू दिसायला अगदी त्याच्यासारखा. जंतू फसतो, वाढ खुंटते, उरलेलं काम शरीर करतं. आपण फोलिक आम्ल अन्नातून घेतो, म्हणून आपलं हे काम अडत नाही. रुग्णाला भरपूर पाणी मात्र पाजावं लागे, नाहीतर लघवीत औषधाचे खडे धरत.

दशक संपता संपता स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि प्लेगवर तेच पुढे गेलं. सल्फाथायाझोल मागे पडलं, तरी घराणं संपलं नाही. भाजल्यावर दवाखान्यात जे पांढरं मलम लावतात ना, त्यातलं सल्फाडायझिन याच घरातलं.