झडतीपूर्वीचा एक प्रश्न

माळव्याच्या मातीशी अफूचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात येथील अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारावर पेढ्या उभ्या राहिल्या, संस्थानांना महसूल मिळाला. मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांत परवान्याने अफूची शेती आजही होते. परंतु तीच वस्तू विनापरवाना खिशात सापडली तर माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. म्हणून ती खिशात कशी सापडली, हा प्रश्न कायद्यालाही महत्त्वाचा वाटला.

इंग्रजी अमदानीतील १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक मादक द्रव्यांचा कायदा यांतील शिक्षा तुलनेने सौम्य होत्या. १९८५ साली संसदेने या सर्वांच्या जागी नवा अंमली पदार्थविरोधी कायदा आणला आणि तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. त्यात अनेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी ठेवली गेली. शिवाय माल जवळ सापडल्याचे सिद्ध झाले की त्याचा खुलासा करण्याचा भार आरोपीवर येऊन पडतो.

एवढा कठोर कायदा करताना संसदेने त्याला काही कुंपणेही घातली. मिळालेली खबर लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवावी, अटक वा जप्तीचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांत द्यावा, स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी. यांतले मुख्य कुंपण कलम ५० चे. अंगझडतीपूर्वी संशयिताने मागणी केल्यास त्याला जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे, असे ते सांगते.

शासकीय सेवेत असताना एका रात्री अशाच झडतीसाठी मला बोलावणे आले होते. तो तरुण पोलिसांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होता. तेथे पोलीस नसलेला मी एकटाच होतो. त्याच्या खिशातून अफू निघाली; मी ती निघताना पाहिली आणि पंचनाम्यावर सही केली. त्या सहीने त्याचे रक्षण केले नाही, परंतु सत्याचे केले. माल नसता, तर त्याच सहीने त्याचेही केले असते.

मागणी करण्याचा हक्क आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणी कोण करणार? पंजाबातील एका प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या प्रश्नाचे उत्तर दिले. हा हक्क संशयिताला सांगणे बंधनकारक आहे. तसे न करता अंगझडतीत मिळालेल्या मालावरच आधारलेली शिक्षा टिकणार नाही. शिक्षा जितकी कडक, तितकी दक्षता अधिक, हे त्यामागचे सूत्र.

पुढे मात्र हे सूत्र सैल झाले. गोव्यातील प्रकरणात २००० साली आणि मध्य प्रदेशातील प्रकरणात २००३ साली, हक्काची स्पष्ट जाणीव न देता केवळ तशी इच्छा आहे काय असे विचारणे पुरेसे मानले गेले. अखेर गुजरातेतील प्रकरणात २०१० साली दुसऱ्या घटनापीठाने ही 'साधारण पूर्तता' अमान्य केली आणि हक्क स्पष्टपणे सांगितलाच पाहिजे असे ठरविले. या संरक्षणाला मर्यादाही आहे: हातातील पिशवीच्या झडतीस कलम ५० लागू होत नाही, हे २००५ साली ठरले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रणही आवश्यक केले आहे.

अशा तांत्रिक मुद्द्यांवर गुन्हेगार सुटतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती सर्वस्वी खोटी नाही. व्यसनाने उजाड झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. परंतु एक प्रश्न विचारण्यास आणि एका त्रयस्थाला बोलावण्यास कितीसा वेळ लागतो? तेवढे केले असते, तर गुन्हेगार सुटलाच नसता. दोष कुंपणाचा नव्हे, ते ओलांडणाऱ्याचा. आणि ज्याच्या खिशात काहीच नव्हते, त्याला या कुंपणाखेरीज दुसरा आधार नसतो.