मुक्काम ओळखण्याची चूक

वाट चुकणें आणि मुक्काम चुकणें या दोन गोष्टी आपण व्यवहारांत एकच समजतों. पण त्यांत मोठें अंतर आहे. वाट चुकलेल्या मनुष्याला आपण चुकलों हें ठाऊक असतें, म्हणून तो थांबतो, विचारतो, मागें वळतो. भलत्याच गांवाला आपलें गांव समजून जो वेशींतून आंत शिरला, त्याच्या मनांत मात्र शंकेला जागाच उरत नाहीं. विमानविद्येच्या इतिहासांत या दुसऱ्या चुकीचें प्रकरण बरेंच मोठें आहे, आणि तिच्यासाठीं प्रथम बोट दाखविलें जातें तें शिकाऊ वैमानिकाकडे. हा आरोप कितपत न्याय्य आहे, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें खासगी वैमानिकाचा परवाना मिळविणाऱ्या विद्यार्थ्यानें निदान एक उड्डाण १५० सागरी मैलांचें, म्हणजे सुमारें २७० किलोमीटरांचें, एकट्यानें करावें आणि त्या प्रवासांत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून दाखवावें, अशी अट आहे. आदल्या दिवशीं तो नकाशावर रेघ ओढतो, होकायंत्राची दिशा ठरवितो, वाऱ्याचा हिशेब करून कोणतें गांव किती मिनिटांनीं यावें याचें टिपण करितो. शेजारचें आसन या खेपेस रिकामें असतें. वारा अंदाजापेक्षां थोडा अधिक निघतो, विमान नकळत बाजूला सरकतें, आणि ठरलेल्या मिनिटाला समोर एक धांवपट्टी दिसते. तिच्याजवळ नदी आहे. नकाशांतही नदी आहे. उत्तरेला रेल्वेचा रूळ आहे, नकाशांतही आहे. एक पाण्याची टांकी मात्र असावयास हवी ती दिसत नाहीं. पण ती झाडाआड असेल, अशी मनाची समजूत घालण्यास किती वेळ लागणार? तासभर एकलेपणानें ताणलेल्या मनाला मुक्काम हवा असतो, आणि डोळे तो मिळवून देतात.

या भ्रमाला भूमीही साहाय्य करिते. धांवपट्टी बांधतांना त्या प्रदेशांत बहुधा ज्या दिशेनें वारा वाहतो ती दिशा धरतात. कारण विमानानें वाऱ्यास सामोरें जाऊन उतरावें हें इष्ट असतें. त्यामुळें एकाच टापूंतील दोन विमानतळांच्या पट्ट्या पुष्कळदां एकाच रोखानें पसरलेल्या असतात. वरून पाहणाऱ्याला तीं जुळीं भावंडें वाटलीं तर नवल नाहीं. एक पट्टी दुसरीच्या निम्म्यानें आहे हें कळावें, तर तुलनेसाठीं दुसरी डोळ्यांसमोर नसते.

आतां ही चूक केवळ नवशिक्यांचीच आहे काय, हें पाहूं. १९३० च्या मे महिन्यांत ॲमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली, तेव्हां तिचा परवाना एका वर्षाचाही जुना नव्हता. रंगूनच्या शर्यतीच्या मैदानावर उतरावयाचें म्हणून ती पावसांत तें शोधीत राहिली, आणि अखेर शहराबाहेर इन्सीन येथील तंत्रविद्यालयाच्या क्रीडांगणावर उतरून खड्ड्यांत गेली. तिला नवशिकी म्हणून क्षमा करतां येईल. पण १९४२ च्या २३ जून रोजीं जर्मन लढाऊ वैमानिक आर्मिन फाबर यानें काय केलें? चकमकीनंतर दिशा चुकून त्यानें ब्रिस्टलची खाडी ओलांडली, तीच इंग्लिश खाडी असें मानलें, आणि पलीकडचा तळ फ्रान्समधील समजून तो वेल्समधील पेम्ब्रे येथें उतरला. त्या काळचें अत्यंत नवें फॉक-वुल्फ १९० विमान अशा रीतीनें इंग्रजांना अखंड मिळालें. पुढें १९६४ सालीं जेरी मॉक ही अमेरिकन गृहिणी एकटीनें पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली. तीही वाटेंत कैरोचा विमानतळ समजून इन्शासच्या सैनिकी तळावर उतरली होती, आणि तेथें तिचें स्वागत सैनिकांनीं केलें.

आमच्या मुंबईनेंही या प्रकरणांत भर घातली आहे. १९३२ सालीं १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस आले, ते जुहूच्या विमानतळावर. महायुद्धानंतर मोठ्या विमानांची वाहतूक शेजारच्या सांताक्रूझला गेली. पण जुहूची पट्टी जागच्या जागींच राहिली. दोन्हींच्या मुख्य पट्ट्या जवळजवळ पूर्वपश्चिम, आणि समुद्रावरून येणाऱ्याला आधीं गांठ पडते ती जुहूची. १९५३ च्या जुलै महिन्यांत ब्रिटिश कंपनीचें कॉमेट हें जेट विमान सांताक्रूझ म्हणून जुहूवर उतरलें. कांहीं दिवसांनीं तें तेथून उडवून न्यावें लागलें. १९७२ च्या २४ सप्टेंबरला सकाळीं जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानानें तीच चूक केली. जुहूची पट्टी साडेअकराशें मीटरांच्या आंतबाहेर. एवढ्या अवजड विमानाला ती कशी पुरावी? विमान पट्टीबाहेर गेलें आणि कायमचें निकामी झालें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. हीं विमानें चालविणारे कोणी विद्यार्थी नव्हते.

आतां उपग्रहांच्या साहाय्यानें वैमानिकाला आपलें स्थान पावलोंपावलीं कळतें, तेव्हां असें कसें होईल, असें कोणी म्हणेल. त्यानें अमेरिकेकडे पाहावें. २०१३ च्या नोव्हेंबरांत एक प्रचंड मालवाहू बोइंग मॅकॉनेल तळाऐवजीं विचिटाच्या जबारा या लहान विमानतळावर उतरलें. आणि २०१४ च्या १२ जानेवारीला रात्रीं साउथवेस्ट कंपनीचें प्रवासी विमान ब्रॅन्सनऐवजीं शेजारच्या ३,७३८ फुटांच्या पट्टीवर टेकलें. स्थान सांगणारीं यंत्रें दोहोंतही होतीं. पण दिवे डोळ्यांना दिसले, आणि यंत्राला विचारण्याचें कारण उरलें नाहीं.

आमच्या नैयायिकांनीं शिंपल्यावर होणाऱ्या रुप्याच्या भासाची चर्चा शतकानुशतकें केली. त्यांचें म्हणणें असें कीं, भ्रम केवळ डोळ्यांच्या दोषानें होत नाहीं; पूर्वीं पाहिलेल्या रुप्याचें स्मरण समोरच्या चकाकीवर आरोपित होतें. आणि रुप्याची इच्छा असलेलाच तें उचलण्यास धांवतो. वैमानिकाची चूक नेमकी या जातीची आहे. त्याची नजर अधू नसते. उलट ती जुळणाऱ्या खुणा फार तत्परतेनें गोळा करिते. न जुळणारी खूण शोधण्याचें काम मात्र नजर आपण होऊन करीत नाहीं. तें तिला शिकवावें लागतें.

म्हणूनच या चुकीवर जे उपाय निघाले, त्यांत जमिनीलाच बोलावयास लावण्याचा उपाय सर्वांत साधा. १९३५ च्या सुमारास अमेरिकेंत फीबी ओम्ली या वैमानिक स्त्रीच्या पुढाकारानें गांवांचीं नांवें घरांच्या छपरांवर मोठ्या अक्षरांनीं रंगविण्याची मोहीम निघाली. लुईझ थेडन, ब्लँश नॉइस या वैमानिक स्त्रियांनीं ती चालविली. युद्ध येतांच समुद्रकांठचीं अनेक नांवें त्याच नॉइसबाईंना पुसवावीं लागलीं, कारण मित्राला वाट दाखविणारी खूण शत्रूलाही दाखविते. दुसरा उपाय पट्टीच्या टोंकावरील आंकड्याचा. चुंबकीय दिशेचे अंश दहांनीं भागून येणारा हा आंकडा पाहिला कीं, २७ हवा असतां २४ कां, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तिसरा उपाय शिक्षकांचा : आधीं घड्याळ पाहा, मग नकाशा, आणि शेवटीं जमीन. जमीन आधीं पाहून मग नकाशांत तिची जागा शोधूं लागल्यास नकाशा नेहमीं होकार देतो.

आम्हांस यांतील चौथा उपाय सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो यंत्राचा नाहीं. पट्टी अगदीं पुढ्यांत आली असतां आंकडा जुळत नाहीं असें पाहून जो विद्यार्थी पुन्हां वर जातो, आणि नियंत्रकाला रेडिओवरून 'माझें स्थान मला निश्चित ठाऊक नाहीं' असें सांगतो, त्याला परत आल्यावर काय मिळतें, यावर पुढच्या विद्यार्थ्याचें वर्तन अवलंबून असतें. त्याची थट्टा झाली, तर दुसरा मुलगा शंका गिळून खालीं उतरेल. एखादे वेळीं पट्टी आंखूड असेल, किंवा समोरून दुसरें विमान येत असेल. परीक्षकांनीं अचूक उतरण्याला गुण द्यावे हें ठीकच आहे. पण न उतरतां परत वर गेलेल्यालाही ते तितक्याच उदारपणें द्यावे. मुंबईच्या दोन्ही प्रसंगीं कोणा एकानें एवढी शंका बोलून दाखविली असती, तर सांताक्रूझ तेथून अवघ्या कांहीं मिनिटांच्या अंतरावर होतें.