बीडचा विद्यार्थी, भौतिकशास्त्र आणि क्रमवारी

बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. कुठे करावी, याचा निर्णय आता अनेकदा विद्यापीठांच्या क्रमवारीची यादी पाहून होतो. पूर्वी तो निर्णय राज्याची हद्दच करून टाकत असे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं आणि त्या राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं. विज्ञानाचे इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तिथे स्वतंत्र अनुवाद विभाग उभारला होता. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण अंबाजोगाईच्या किंवा गेवराईच्या मराठी घरातल्या मुलाला आधी भाषेची परीक्षा द्यावी लागे, विज्ञानाची त्यानंतर. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि अंतर कमी झालं. १९९४ मध्ये नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं, तरी बीड औरंगाबादकडेच राहिलं.

हद्दीचा हा जोर क्रमवारीने कमी केला, हे मान्य करायलाच हवं. केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१५ मध्ये जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. पण ती काय मोजते हे पाहिलं पाहिजे. तिच्या विद्यापीठांसाठीच्या आराखड्यात अध्यापन व साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीधरांच्या यशाला २०, समावेशकतेला १० आणि संस्थेविषयीच्या धारणेला १० टक्के वजन आहे. भौतिकशास्त्रासाठी त्यात वेगळी यादी नाही. औषधनिर्माण, रसायन, वाणिज्य अशा सगळ्या विभागांचं काम एका आकड्यात जमा होतं. वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठातही भौतिकशास्त्रात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असू शकतात, आणि खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठात एखादा मार्गदर्शक उत्तम काम करून घेत असतो. प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत की नाहीत, हेही त्या आकड्यावरून कळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होतंय, आई-वडील ऊसतोडणीला जातात, तिथे सल्ला देणारं कोण असतं? यादी नसेल तर गावातल्या ओळखी आणि ऐकीव माहितीवरच भागवावं लागेल. निदान यादी सगळ्यांना सारखी दिसते. हे खरं आहे. म्हणूनच यादी सुरुवातीची चाळणी म्हणून वापरावी. मात्र बीडच्या मुलासाठी दार अधिक उघडलं ते आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या जॅमसारख्या प्रवेशपरीक्षांनी; तिथे त्याच्या उत्तरपत्रिकेवर कॉलेजच्या नावाने गुण वाढत किंवा घटत नाहीत. शिवाय साधनं एकाच विद्यापीठाच्या भिंतीत असावीत असंही नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये पुण्यात उभी राहिलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठीच आहे. छोट्या विभागातला विद्यार्थी तिथे पोहोचला, तर त्याच्या विद्यापीठाचा क्रमांक त्याच्या कामाची मर्यादा ठरत नाही.

तेव्हा क्रमांक बघून झाल्यावर चौकशी विभागाची करावी: पूर्णवेळ शिक्षक किती, मागच्या काही वर्षांत किती जण नेट परीक्षा उत्तीर्ण झाले किंवा किती जणांना जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, वसतिगृहात जागा आहे का, शिष्यवृत्ती वेळेवर हाती येते का. ही माहिती प्रत्येक विभागाने स्वतःहून जाहीर केली पाहिजे. ती उघड नसेल, तर ओळखी असलेल्यांना ती मिळेल आणि बीडच्या मुलाला फक्त क्रमांक. हद्दीने केलेला अन्याय मग नव्या रूपात चालू राहील.