फाळक्यांचा वाटाणा

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपण दोन टोकांनी सांगतो. एका टोकाला त्यांनी पाहिलेला ख्रिस्तपट, दुसऱ्या टोकाला ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’. मधला वाटाणा भांडवल मिळवण्याची युक्ती म्हणून एका ओळीत उरकला जातो. माझे म्हणणे असे की, फाळके छायाचित्रकाराचे चित्रपटकार झाले ते त्या वाटाण्यापाशी.

स्थिर छायाचित्रण त्यांना येतच होते. गोध्र्यात त्यांनी स्टुडिओ चालवला होता. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन आले आणि विल्यमसन कॅमेरा घरी आला. हँडल फिरवणे ही झाली पहिली पायरी. पण चित्रांतून गोष्ट कशी सांगायची? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची वाढ टिपली. पडद्यावर ‘अंकुराची वाढ’ मिनिटभरात उलगडली.

हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरली, तर मिनिटाला ९६० होतात. तीस दिवसांत वाटली तर रोजची ३२. तेवढ्या वेळा तीच चौकट, तेच अंतर सांभाळायचे.

गेल्या हिवाळ्यात मी खिडकीत कुंडी ठेवून मोबाइलवर हा प्रयोग केला. चौथ्या दिवशी केर काढताना स्टँडला धक्का लागला आणि रोपाने पडद्यावर टुणकन उडी मारली. उन्हाच्या सावल्या तर रोपापेक्षा जास्त नाचल्या. शेवटी वेल चौकटीबाहेरच गेली. तेव्हा कळले, वेल महिन्याने जिथे पोचणार, ती जागा पहिल्याच दिवशी रिकामी सोडावी लागते. म्हणजे शेवट ठरवून सुरुवात टिपायची. चित्रपटकाराचे काम याहून वेगळे काय असते?

ती फीत पाहून यशवंतराव नाडकर्णींसारख्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. त्यांना यंत्र नव्हे, त्यावर बसलेला हात दिसला असावा.

‘राजा हरिश्चंद्र’चा कॅमेरा मात्र त्र्यंबक तेलंगांनी चालवला. त्यांना तो शिकवला फाळक्यांनीच. वाटाण्यापाशी घालवलेला महिना तिथे कामी आला, असे मला वाटते. इतिहासात त्या महिन्याला एका ओळीहून अधिक जागा मिळायला हवी.