विलायतेची प्राचीन ख्रिस्तमंदिरे आणि आपली मराठी ओवी

धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या निमित्ताने आमच्या गायकमंडळातील तरुणांनी एक इच्छा आम्हांपाशी बोलून दाखविली. इंग्लंडातील महामंदिरांचे नेहमीचे गायक उन्हाळ्यात सुटीवर गेले म्हणजे बाहेरगावचे व परदेशचे गायकवृंद तेथे जातात आणि काही दिवस त्यांच्या जागी उपासनेत गातात. तसे भाग्य नशिराबादच्या मुलामुलींच्या वाट्यास कधी येईल काय? इच्छा मोठी आहे, व ती आम्हांस आवडली. परंतु तेथे जाऊन आपण गावे काय, हा प्रश्न त्याआधीचा होय. त्याचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून तो थोडक्यात निवेदन करतो.

इ. स. ५९७ मध्ये पोप संत ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टीन केंट प्रांतात उतरले, आणि कँटरबरी येथे लॅटिन स्तोत्रांचे गायन सुरू झाले. पुढे विंचेस्टर, यॉर्क, सॉल्झबरी येथे जी भव्य मंदिरे उभी राहिली, ती आपल्याच ख्रिस्तसभेच्या भक्तीने उभारलेली होत. विंचेस्टरच्या मठवासीयांनी इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या गायनपोथीत दोन स्वरांनी एकत्र गाण्याच्या रचना आहेत. युरोपातील अशा प्रकारच्या अत्यंत जुन्या संग्रहांत तिची गणना होते. तदनंतर काळ फिरला. १५३४ साली राजा आठवा हेन्री याने रोमशी संबंध तोडला, १५३६ ते १५४० च्या दरम्यान मठ मोडण्यात आले, आणि १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीच्या कायद्याने मिस्सा निषिद्ध ठरली. तथापि गाणे मेले नाही. विल्यम बर्ड या थोर कॅथलिक संगीतकाराने १५९२ ते १५९५ च्या सुमारास तीन, चार व पाच स्वरांच्या तीन मिस्सा रचल्या. त्या मुखपृष्ठावाचून छापल्या गेल्या, आणि श्रद्धावंतांच्या घरी, दारे लावून, हलक्या आवाजात गाइल्या गेल्या.

याच संकटकाळात विल्टशायर परगण्यातील बुश्टन गावी इ. स. १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. ते रोमला गेले, व २० ऑक्टोबर १५७५ रोजी येशूसंघात दाखल झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बनहून गलबतात पाय ठेवला, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्र कापून २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. त्या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांनी वडिलांस लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. स्वदेशी ते परत गेले नाहीत. सुमारे चाळीस वर्षे साष्टी प्रांतात सेवा करून १६१९ मध्ये त्यांनी गोव्यातच देह ठेवला.

वाचकहो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. स्टीफन्ससाहेबांनी आपल्या देशीचे गाणे येथे आणून आमच्या पूर्वजांच्या गळी उतरविले नाही. नवख्रिस्ती जनांच्या कानांत पुराणश्रवणाची गोडी होती, व ती तृप्त करणारे ख्रिस्तचरित्र त्यांना हवे होते. तेव्हा या इंग्रज व्रतस्थाने ज्ञानेश्वर-एकनाथांनी घडविलेली ओवी हाती घेतली, मराठीची मनोभावे आराधना केली, आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. देवनागरी टंकांची सोय नसल्यामुळे अक्षरे मात्र रोमन होती. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. गोव्यातील देवळांत भाविक जमून ते ऐकत व गात.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. परंतु हुकमाने ओवी थांबत नाही. गोव्याहून कानडा प्रांती गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तिच्या हस्तलिखित प्रती जतन केल्या, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापून काढला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास त्याची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. याच पुराणाची एक देवनागरी पोथी मार्स्डेन या विद्वानाच्या संग्रहातून लंडनला पोहोचली, व तेथील प्राच्यविद्येच्या विद्यालयात ती आहे. म्हणजे मराठी ख्रिस्तगीत आपल्या आधीच विलायतेस जाऊन राहिले आहे. ते तेथे वाचले जाते. ते गाणारा कंठ मात्र येथूनच जावयास हवा.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या मंदिरात ओवी शोभेल काय? यावर ख्रिस्तसभेचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. १९०३ साली पोप संत दहावे पायस यांनी ग्रेगरियन गायनास अग्रस्थान दिले, व प्रत्येक राष्ट्राच्या संगीताची स्वाभाविक ढबही, पावित्र्यास बाध न येता, मान्य केली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील आपल्या संविधानात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य तो मान द्यावा, असे सांगितले. आणि आपल्या खानदेशाची परंपरा काय थोडी आहे? जळगावजवळच्या असोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. तरी जात्यावर व शेतात त्यांच्या मुखातून ओव्या बाहेर पडल्या, त्या आज साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी आहेत. ज्या छंदात आपल्या आज्यांनी दळण दळले, त्याच छंदात स्टीफन्स यांनी प्रभूचा जन्म, दुःखसहन व पुनरुत्थान गाइले. हे आपले घरचे धन होय.

आता व्यवहाराचे दोन शब्द. ती पुराणी महामंदिरे बहुतांशी अँग्लिकन पंथाकडे आहेत. तेथे आपण पाहुणे, आणि पाहुण्याने घरच्या रीतीप्रमाणे वागावे. सायंउपासनेत स्तोत्रे व धन्य कुमारी मरियेचे स्तुतिगीत ठरलेल्या क्रमानेच गावयाचे असते. मात्र त्यानंतर एक भक्तिगीत गायकवृंदाच्या निवडीचे असते, आणि ती जागा ओवीची आहे. दगडी कमानींखाली स्वर बराच काळ घुमत राहतो. द्रुत चालीचे शब्द तेथे एकमेकांत मिसळतात, पण संथ चालीची ओवी स्वच्छ ऐकू येते. लंडनचे वेस्टमिन्स्टर महामंदिर आपल्याच ख्रिस्तसभेचे आहे. १९०३ मध्ये ते उघडले, तेव्हा रिचर्ड टेरी यांनी शतकानुशतके विसरलेले बर्डचे लॅटिन संगीत तेथील उपासनेत पुन्हा आणले. आपल्या मुलांनी बर्डची मिस्साही शिकावी, कारण छळातून तरलेले ते गाणे आपलेही आहे.

परंतु आमची खरी काळजी निराळी आहे. परक्या देशीची गीते आमची मुले चटकन पाठ करितात, आणि ओवीची चाल मात्र वृद्ध मंडळींबरोबर मातीत जात आहे. विमानाचे भाडे जमेल तेव्हा जमेल. चाल एकदा हरवली तर ती कोणत्याही पैशाने परत मिळणार नाही. यास्तव येत्या उपवासकाळी दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर ख्रिस्तपुराणातील दुःखसहनाचा एक भाग आपल्या मंदिरात गावा, आणि ज्या आजीबाईंना जात्यावरच्या चाली येतात त्यांस गायकमंडळाने सन्मानाने बोलावून त्या शिकून घ्याव्यात, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे. जो गायकवृंद नशिराबादेत ओवी गाईल, तोच विंचेस्टरला ती गाऊ शकेल. परमेश्वर आमच्या मुलांच्या कंठास बळ व त्यांच्या अंतःकरणास नम्रता देवो, ही या महोत्सवी आमची प्रार्थना.