क्षेमेंद्राचा शब्दपालट

लिहिणे शिकविता येते काय, हा प्रश्न काही आजचा नव्हे. अकराव्या शतकात, काश्मीरचा राजा अनंत याच्या कारकीर्दीत (इ. स. १०२८–१०६३), क्षेमेंद्राने ‘कविकंठाभरण’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले ते यासाठीच. शिष्यांचे तो तीन वर्ग करतो : अल्प प्रयत्नाने साधणारे, कष्टाने साधणारे आणि मुळीच न साधणारे. या तिसऱ्या वर्गात जन्मतः दगडासारख्या असलेल्यांच्या शेजारी त्याने कोणाला बसवावे? व्याकरणाने ज्यांचा रस आटला आणि तर्काने जे होरपळले, त्यांना! पंडितांच्या काश्मीरात राहून असे लिहावयास धैर्यच हवे.

कष्टसाध्य शिष्यासाठी सांगितलेला अभ्यास मात्र पाहण्यासारखा आहे. प्रथम अर्थाची पर्वा न करता नुसत्या वृत्तावर हात बसवावयाचा. मग थोर कवीचा श्लोक घेऊन, वृत्त आणि अर्थ कायम ठेवून, त्यातील शब्द पालटावयाचे. उदाहरण घेतले आहे ते ‘रघुवंशा’च्या पहिल्याच श्लोकाचे. हा उद्योग वरवर पोरकट वाटतो. पण कालिदासाचा शब्द काढून त्या जागी आपला बसविला, की श्लोक उभा राहतो, अर्थही राहतो, आणि तरी काहीतरी निघून जाते. काय गेले, याचा शोध विद्यार्थ्याला घ्यावाच लागतो. आणि तेथेच त्याचे वाचन चिकित्सक होते. आपल्या पाठ्यपुस्तकांतही ‘समानार्थी शब्द लिहा’ असे असते. तो शब्द कवितेत घालून पाहा, असे मात्र क्वचितच सांगितले जाते.

‘औचित्यविचारचर्चे’त ही नजर कालिदासालाही सोडीत नाही. ‘कुमारसंभवा’तील मदनदहनाच्या प्रसंगी कवीने शंकराला ‘भव’ म्हटले आहे. भव म्हणजे उत्पत्ती. संहाराच्या क्षणी हे नाव शोभत नाही, असा क्षेमेंद्राचा आक्षेप. मला तो जरा कठोर वाटतो. परंतु ‘भव’ काढून ‘हर’ घातले तर काय होईल, असे मनात आल्याखेरीज तो सुचणारच नाही.

एवढे करून क्षेमेंद्र काही कालिदास झाला नाही. रामायण-महाभारताचे त्याचे संक्षेप अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी वाचीत नाही. ‘नर्ममाले’त लाचखाऊ अंमलदारांची त्याने उडविलेली टर मात्र अजून झोंबते.