सेनासाहेबाचा वनवास आणि कामठ्याचा पटेल

गोंदिया जिल्ह्यातले कामठा म्हणजे नागपूरजवळची छावणीची कामठी नव्हे. या कामठ्याच्या जमीनदाराने, चिमणा पटेलाने, 1818 साली परागंदा झालेल्या एका सेनापतीसाठी इंग्रजांशी लढाई केली. तो सेनापती म्हणजे अप्पासाहेब भोसले. नागपूरच्या भोसल्यांचा किताबच ‘सेनासाहेबसुभा’ असा होता.

अप्पासाहेबांना आम्ही निष्कलंक नायक मानत नाही. 1816 साली इंग्रजांची तैनाती फौज त्यांनीच पत्करली. 1817 च्या फेब्रुवारीत गादीवरचा परसोजी मेलेला सापडला, तो संशयही त्यांच्यावर आहे. नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई हरली आणि 16 डिसेंबरला अप्पासाहेब स्वतः रेसिडेंटाकडे जाऊन बसले.

पण त्यांच्या पदरचे अरब शिपाई मागे हटले नाहीत! धनी शत्रूच्या स्वाधीन झाला, तरी त्यांनी नागपूर शहर सोडले नाही. 24 डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला. महालातील आजचे गांधी गेट म्हणजे हाच जुम्मा दरवाजा. महिनाअखेर अटी ठरल्यावरच ते शहराबाहेर पडले. आमच्या पाठ्यपुस्तकांत सीताबर्डी येते, हे अरब मात्र येत नाहीत. आले तरी ‘भाडोत्री’ या एका शब्दात त्यांची वासलात लागते. भाडोत्री माणूस पगार देणारा गेल्यावर कशासाठी लढतो, हे कोणी विचारीत नाही.

मार्च 1818 मध्ये अप्पासाहेबांना अटक झाली. प्रयागकडे नेत असताना 13 मेच्या सुमारास, जबलपूरच्या बाजूला, ते शिपायाच्या पोशाखात पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. जुलैत बैतूलजवळ गोंड आणि अरबांनी मिळून कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढली. त्याच वर्षी कामठा उठले. ते इंग्रजांनी लवकरच मोडले. पटेलाची जमीनदारी गेली आणि उठाव मोडायला मदत करणाऱ्या लोधी घराण्याला मिळाली.

पुढे अप्पासाहेब पेंढारी चितूबरोबर असीरगडला गेले, तिथून वेष पालटून लाहोरला. रणजितसिंहांनी थारा दिला नाही. मग मंडी, आणि 1829 नंतर जोधपूर. तिथल्या मानसिंहांनी मात्र त्यांना इंग्रजांच्या हवाली केले नाही.

दूर तुर्कस्तानातही काही वर्षांनी असेच घडले. हंगेरीच्या बाजूने लढलेला पोलिश सेनापती योझेफ बेम 1849 च्या पराभवानंतर उस्मानी मुलखात आला. रशिया आणि ऑस्ट्रियाने पळून आलेल्यांची मागणी केली, सुलतान अब्दुल मजीदने ती नाकारली. बेमने इस्लाम स्वीकारला, मुराद पाशा झाला, आणि 1850 च्या डिसेंबरात हलब शहरात वारला. बेमला नव्या मुलखात निदान पुन्हा सैन्यात हुद्दा मिळाला. अप्पासाहेबांना फक्त आश्रय मिळाला. 1840 साली ते जोधपुरातच वारले. नागपूरची गादी तेव्हा तिसऱ्या रघूजीकडे होती, आणि कामठ्याची जमीनदारी लोध्यांकडे.